फासा निष्पक्ष होता, नियम नव्हता

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी घरच्या घरी एक रोलप्लेइंग खेळ रचला. पात्र घडवण्याचा नियम माझा: सहा गुण, प्रत्येकासाठी तीन फासे, येईल ती बेरीज लिहायची, बदल नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीतली पद्धत साधारण हीच. फासे सगळ्यांना तेच, सरासरीही तीच, १०.५. मग अन्याय कसला?

एका मैत्रिणीची एकूण बेरीज ५४ आली, माझी ७१. तिसऱ्या रविवारनंतर तिने येणं बंद केलं. मी म्हटलं, नशीब! पण चूक नशिबाची नव्हती, माझी होती.

लढाईतला फासा शंभर वेळा पडतो, त्यामुळे चांगलं-वाईट हळूहळू सारखं होतं. पात्राचा फासा मात्र एकदाच पडतो आणि त्याचं ओझं शेवटपर्यंत वाहावं लागतं. या नियमाने चार खेळाडूंत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या बेरजेत सरासरी १५ चं अंतर पडतं. मी सरासरी तपासली, पसारा तपासलाच नाही.

याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत तयार आकड्यांचा पर्याय आहे: १५, १४, १३, १२, १०, ८. बेरीज सगळ्यांची ७२, कुठला आकडा कुठे ते तुम्ही ठरवा. समान आहे, पण पात्रं एका साच्यातली वाटू लागतात.

१९७७ चा 'ट्रॅव्हलर' मला जास्त पटतो. तिथे पात्र चार-चार वर्षांची नोकरी करतं. दर खेपेला कौशल्यं मिळतात, पण जगण्यासाठी फासा टाकावा लागतो. मूळ नियमात पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरू शकतं! गुण तिथेही फाशावरच, म्हणजे माझा दोष त्यातही आहे. पण थांबायचं की आणखी एक खेप करायची, हे बऱ्याचदा खेळाडू ठरवतो. जोखीम त्याने स्वतः पत्करलेली असते.

आता आमच्याकडे गुण तयार आकड्यांतून आणि पूर्वायुष्य फाशावर. मैत्रिणीला तसं कळवलंय.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनो, बारा जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करताना हे आठवा. चिठ्ठी निष्पक्ष असते, पण ती एकदाच निघते. गट खरंच सारखे पडलेत का, हे प्रयोग सुरू करण्याआधी बघा.