वेष आणि वाणी : दिलीप प्रभावळकरांच्या अभिनयाचा विचार

दिलीप प्रभावळकर (जन्म १९४४) यांच्या अभिनयाची चर्चा बहुधा वेषांतराच्या अंगाने केली जाते. ‘हसवाफसवी’ नाटकातील त्यांच्या सहा भूमिकांनी या मतास पुष्टी दिली, हे खरे. परंतु त्यांच्या कलेचे मूळ वेषात नसून वाणीत आहे. ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरताच नटाचा देह पडद्यावरून नाहीसा होतो. तरीही पात्र जिवंत राहते, ते आवाजाच्या बळावर. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मध्ये मुन्नाच्या मुंबईच्या रांगड्या हिंदीसमोर गांधीजींची सौम्य हिंदी उभी राहते आणि नैतिक द्वंद्व दोन भाषारूपांतून ऐकू येते. २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या दूरचित्रवाणी-मालिकेचा आधार तर त्यांचेच ‘अनुदिनी’ हे लेखन होय. घरगुती मराठीचे बारकावे टिपणारा लेखकाचा कान तेथे नटाच्या जिभेस साहाय्य करतो. यास्तव केवळ मुद्रा व रंगभूषा यांची नोंद घेणारी समीक्षा अपुरी ठरते. बोलण्याची लय, आघात व विराम यांचे विश्लेषण तिने केले नाही, तर या नटाचे निम्मे कर्तृत्व अलिखितच राहील.