ओळ कोणी ऐकली?

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क चौपाटीवर, खाडीपुलावरून नायगावकडे धावणाऱ्या गाड्यांचा खडखडाट दर थोड्या वेळाने बोलण्याचा धागा तोडीत असतानाही, महाविद्यालयीन वयाची सात-आठ मुले परवा संध्याकाळी सलग दोन तास एकाच माणसाविषयी हिरिरीने बोलत होती, आणि तो माणूस क्रिकेटपटू वा सिनेनट नसून अंधेरीच्या जे. बी. नगरातून वर आलेला डिव्हाइन, म्हणजे व्हिव्हियन फर्नांडिस हा रॅपर होता, हे कानी पडताच मला प्रथम मनापासून आनंद झाला. शब्दावर जगणाऱ्या कलावंताचे चाहते इतक्या तन्मयतेने बोलतात, ही कोणत्याही भाषेला भाग्याची गोष्ट वाटावी. पण जसजसा वेळ गेला, तसतसा तो आनंद ओसरला. कुर्ल्याच्या नेझीशी त्याचे जमते की नाही, २०१५ साली 'मेरे गली में' एकत्र गाणाऱ्या त्या दोघांत पुढे अंतर पडले ते कोणामुळे, कोणत्या समारंभात कोण कोणाशेजारी उभा राहिला आणि कोणी कोणाला ओळख दाखवली नाही, याचा बारीकसारीक तपशील त्या मुलांना एखाद्या कारकुनाला दफ्तर पाठ असावे तसा पाठ होता. त्या दोन तासांत डिव्हाइनची एकही ओळ मात्र कोणाच्या तोंडून निघाली नाही. अखेरीस न राहवून मी त्यांच्यात जाऊन बसलो आणि त्यांच्यापैकी कोणी लिहितो काय, असे विचारले. एकाने संकोचाने मान डोलावली. घरी मराठी बोलणारा हा मुलगा हिंदीत लिहीत होता. कारण विचारता तो म्हणाला, ''काका, मराठीत बार बसत नाही. शब्द लांब होतात.''

बार म्हणजे रॅपची ठेक्याच्या मापात बसणारी ओळ. हा लेख त्या मुलाच्या त्या एका वाक्याने लिहवून घेतला आहे.

डिव्हाइनची थोरवी नाकारण्याचा येथे हेतू नाही. आरंभी इंग्रजीत रॅप करणाऱ्या या तरुणाने मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी हाती घेतली आणि २०१३ च्या 'ये मेरा बॉम्बे'मध्ये त्या बोलीला, तिच्या तुटक वाक्यांसह आणि चढ्या श्वासासह, प्रथमच स्वतःचा ठेका दिला. २०१९ हे त्याच्या कीर्तीचे वर्ष होय: फेब्रुवारीत मुंबईच्या रॅपरांवरचा 'गली बॉय' हा चित्रपट आला, न्यूयॉर्कच्या नास या रॅपरशी निगडित असलेल्या मास अपील या संस्थेची भारतीय शाखा निघाली तेव्हा तिने पहिला कलावंत म्हणून त्यालाच घेतले, आणि 'कोहिनूर' हा त्याचा संग्रहही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षीच्या 'पुण्य पाप'मध्ये त्याचा आवाज अंतर्मुख झाला, आणि माझ्या मते तेथेच तो सर्वांत उंच गेला. त्यानंतर मात्र त्याच्या ओळीत अनुभवाची जागा हळूहळू मिळकतीच्या यादीने घेतली. नेझीकडे पाहावे तर २०१४ चे 'आफत', जे त्याने आयपॅडवर चित्रित केले होते, आजही ताजे वाटते. अंतर्गत यमकांची इतकी दाट वीण त्या पिढीत दुसऱ्या कोणाला साधली नाही. असा कवी २०२४ साली 'बिग बॉस ओटीटी'च्या घरात दिसला आणि चाहत्यांनी त्याच्या तेथल्या रुसव्याफुगव्यांवर जितका काथ्याकूट केला, तितका त्याच्या 'मग़रिब' या संग्रहावर केल्याचे माझ्या तरी कानी आले नाही, याची मला खरी खंत वाटते.

एमिवे बंटाय याने भांडणालाच रचनेचे मूळ द्रव्य मानले, आणि भांडण विझले की अशी रचना वाचत नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन २०२३ च्या फेब्रुवारीत 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकून घराघरांत पोहोचला. त्याच्या स्वरातली वेदना खोटी नाही, पण तिला शब्दांचा आधार तोकडा आहे. श्रेयस जाधवच्या 'पुणे रॅप'ने मराठीत हा प्रकार करता येतो एवढे दाखविले, हे श्रेय त्याचेच. मराठी चित्रपटांत कडव्यांच्या मध्ये कोंबलेल्या रॅपविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे आहे ते 'स्वदेशी' या मुंबईच्या मंडळीविषयी. मराठीतून रॅप करणारा एमसी मवाली, गुजरातीतून करणारा एमसी तोडफोड आणि त्यांच्याबरोबरचे इतर सोबती यांनी बहुभाषिक मुंबईला एका सरधोपट बोलीत न वितळवता प्रत्येक भाषेला तिचा तिचा ताल शोधू दिला, ही गोष्ट ऐकायला साधी आणि करायला अतिशय कठीण आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी आपल्या 'ता धोम' उपक्रमात या मुलांना कोन्नकोल, म्हणजे कर्नाटक संगीतातली तालाक्षरे तोंडाने म्हणण्याची विद्या, शिकविली. त्यामुळे चारच्या ठेक्यात तीनचा, पाचचा, सातचा गट कसा बसवावा आणि समेवर कसे उतरावे, हे त्यांच्या जिभेला कळले. 'गली बॉय'मधले 'इंडिया ९१' हे गीत त्या शिक्षणाचे फळ आहे. ज्यांनी तो चित्रपट दहा वेळा पाहिला, त्यांपैकी कितीजणांना ते गीत आठवते?

आणि २०१९ चेच 'द वारली रिव्होल्ट' घ्या. आरेतील वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्या गायनासह केलेली ही रचना जंगल, जमीन आणि ते राखणारी माणसे यांविषयी आहे, आणि तिच्या नावातच १९४५ सालच्या तलासरी-डहाणूकडील वारल्यांच्या उठावाची आठवण जागी आहे. तोच वेठबिगारीविरुद्धचा उठाव, ज्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये सांगितली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे रात्रीतून पडली. आरेचे जंगल ज्या राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, त्याच उद्यानाच्या उत्तरेकडच्या टेकड्या आमच्या काशिमीऱ्याच्या मागे उभ्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी वारल्यांचे पाडे आहेत. म्हणजे हे गीत मीरा-भाईंदरच्या तरुणासाठी परमुलखातले नव्हे, त्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे आहे. मवाली त्यात आवाज चढवीत नाही. तो शब्दांवर वजन ठेवतो, जोडाक्षरांवर किंचित रेंगाळतो आणि क्रियापद ठोक्याच्या अलीकडेच सोडून देतो, त्यामुळे अर्थ आधी पोहोचतो आणि ताल मागून येऊन त्यावर शिक्का मारतो. तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २० मार्च २०२२ रोजी अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. गुजराती बोलणाऱ्यांची एवढी वस्ती असलेल्या आमच्या या मीरा-भाईंदर शहरात त्याची आठवण काढणारा एकही तरुण मला अजून भेटलेला नाही.

आता त्या मुलाच्या आक्षेपाकडे वळतो. मराठीत बार बसत नाही, हे विधान खरे असते तर ओवी आणि अभंग जन्मालाच आले नसते. अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या व तिसऱ्या चरणाला यमक; ग्रंथाच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा सोडलेला. हे छंद मात्रा काटेकोर मोजीत नाहीत. अक्षर लांबविण्याची किंवा आवळण्याची मुखत्यारी ते म्हणणाऱ्याच्या मुखाला देतात, आणि रॅपर ज्याला फ्लो म्हणतो तो या मुखत्यारीचाच वापर आहे. तीन आघात यमकाने बांधून चौथा मोकळा सोडला की ऐकणाऱ्याच्या मनात जी पोकळी उरते, ती भरण्यासाठीच तो पुढच्या ओळीकडे धावतो. शब्द लांब होतात ही तक्रार मला समजते, परंतु तिचे मूळ क्रियापदात आहे: आला, गेला, झाला, करतो, मरतो, ठरतो अशी प्रत्ययांची यमके मराठीत फुकट मिळतात, नवशिका ती ओळीच्या शेवटी रचीत जातो आणि सगळे गीत एकसुरी झाले की दोष भाषेला देतो. यमक प्रत्ययातून काढून धातूत आणि नामात न्यावे, ळ आणि ण यांचा जडपणा, च आणि ज यांचे दुहेरी उच्चार, खडाखडा, टचकन, फरफट असे नादशब्द ठोक्यावर आणावेत, म्हणजे ही भाषा चर्मवाद्यासारखी वाजते. हिंदीत 'है' आणि 'था' यांच्यापासून सुटका करून घेण्यासाठी रॅपरला जी कसरत करावी लागते, ती मराठी कवीला करावी लागत नाही.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असे सांगून या कलेला घरात घेतल्याचे समाधान मानणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांशीही माझे भांडण आहे. पोवाडा दुसऱ्याच्या पराक्रमाची गाथा गातो आणि झीलकऱ्यांच्या साथीने गातो. रॅप एकट्याने, 'मी' म्हणून, स्वतःच्या अब्रूची फिर्याद मांडतो. नाते शोधायचेच तर ते कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांत शोधावे. पण नाते जोडले की वाचनाची जबाबदारी संपते, ही समजूत आधी टाकली पाहिजे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह निघाला तेव्हा त्यातले शब्द पांढरपेशा वाचकाला कळत नव्हते. विजय तेंडुलकर त्या कवितांमागच्या वस्तीत ढसाळांबरोबर हिंडले, शब्द समजून घेतले आणि मग प्रस्तावना लिहिली. आज धारावीच्या गल्लीत वही घेऊन हिंडणारा टीकाकार कोठे आहे? २०२३ च्या एप्रिलात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय रचनांबद्दल गुन्हे नोंदले गेले. पोलीस ठाण्याने त्यांचे शब्द काळजीपूर्वक वाचले. साहित्यसंस्थांनी वाचले नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाची सनद मिळाली, आणि ८ जुलै २०२५ रोजी मीरा रोडच्या रस्त्यांवर मराठीसाठी मोर्चा निघाला. त्या मोर्चातल्या भावनेचा मी आदर करतो, कारण आपल्याच शहरात आपली भाषा परकी होत चालल्याचे दुःख मलाही आहे. परंतु दुकानाच्या पाटीवर मराठी आणण्यासाठी जे रस्त्यावर उतरले, त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या घरातल्या मुलाने लिहिलेली सोळा बारांची वही उघडून पाहिली? काशिमीऱ्याला लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे. त्याच्या रंगमंचावर वर्षातून एक संध्याकाळ मराठी रॅप करणाऱ्यांना द्यावी, आणि ऐकायला भाषेच्या प्राध्यापकांनी पहिल्या रांगेत यावे, ही मागणी मी येथे जाहीरपणे करतो.

हे सारे मी त्या मुलालाही सांगितले, कदाचित आवश्यक होते त्याहून अधिक वेळ. त्याने शांतपणे ऐकले. त्याला ते पटले नाही, हे दिसत होते. एवढ्यात कोणीतरी घड्याळ पाहिले, एसी लोकलची वेळ होत आली म्हणून सगळे घाईने उठले, आणि मागे रेंगाळलेल्या मित्राला तो ओरडून म्हणाला, ''पळ रे पळ, एसी सुटली तर परत पाऊण तास पुलाखालीच!'' मी ते वाक्य तेथल्या तेथे बोटांवर मोजले: चार खंड, त्यांतले तीन 'प'वर उघडणारे, क्रियापद मध्येच खर्ची पडलेले आणि शेवट नामाच्या रूपावर. त्याला हाक मारून हे सांगावे म्हणून मी उठलो, तोवर तो स्टेशनच्या दिशेने बराच पुढे गेला होता.