पडीक जमीन आणि आपले वाङ्मय

शेतकऱ्याच्या तोंडी ‘पड’ हा शब्द विसाव्याचा आहे. एखादे वावर वर्षभर पड टाकले, की ते दम घेते आणि पुढे नांगर लागला म्हणजे पुन्हा जोमाने पिकते. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेलाही आपण ‘पडीक’च म्हणतो. शब्द तोच, अर्थ मात्र उलटा. ही जमीन पडून राहिली म्हणून दम घेत नाही. तिच्यात मुरलेले तेल, धातू, रसायने तिच्यातच राहतात, आणि त्यांतील काही पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू विहिरींच्या वाटेला लागतात. मराठी वाङ्मयाने हा फरक ओळखला आहे काय, एवढाच प्रश्न मला येथे विचारायचा आहे.

आपल्याकडे गिरणीचे साहित्य थोडे नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’पर्यंत (१९६६) कामगार हा माणूस म्हणून साहित्यात आला, आणि ही मिळकत लहान नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि त्यातले बहुतेक पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. त्या पडझडीचे सर्वांत प्रामाणिक चित्र जयंत पवारांनी ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात काढले. चाळीतल्या एका कुटुंबात संपाने केलेली मोडतोड तेथे कुठलाही आक्रोश न करता दिसते. त्या नाटकाविषयी माझ्या मनात आदरच आहे.

तरीही त्याच्या नावापाशी मी थबकतो. अधांतर म्हणजे ज्याच्या पायाखाली जमीन नाही ते. पवारांना ते माणसांविषयी म्हणायचे होते, आणि ते खरेच होते. परंतु आपल्या समीक्षेने तो शब्द जसाच्या तसा उचलला आणि स्वतःही अधांतरीच राहिली. भोंगा, साचा, चाळ, कर्ज यांवर लिहून झाले. पायाखालच्या मातीवर कोणी फारसे लिहिले नाही. पवारांच्याच ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाला २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या नावातला उपरोध आपण उठलेल्या मोरावर खर्च केला. राखेचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहूनच गेले.

माती साहित्यातून निसटली, म्हणून ती कागदोपत्री सहज चौरस फूट झाली. मुंबईच्या सुमारे सहाशे एकर गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ साली नियम झाला, तो ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याचा होता. एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ मुळात ‘मोकळ्या’ असलेल्या जागेपुरती उरली. इमारती पाडून मोकळी झालेली जागा त्यात धरली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती मान्य केली. एका विशेषणाच्या अर्थावर शहराची मैदाने गेली. शब्दांचे अर्थ सांभाळणे हे ज्यांचे काम, ते आम्ही लेखक तेव्हा काय करीत होतो?

यावर कोणी म्हणेल, की माती तपासणे प्रयोगशाळेचे काम आहे, कादंबरीकाराचे नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु प्रयोगशाळा विष किती हे सांगते. ते कोणाचे आणि कोणाच्या वाट्याला आले, हे सांगत नाही. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला नेला गेला आणि पुढे जाळला गेला. हा बांधून ठेवलेला कचरा होता; आवारातली माती आणि तिच्याखालचे पाणी यांचा प्रश्न त्याने सुटला नाही. याउलट जर्मनीत डुईसबुर्गमधला लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला, तेव्हा पीटर लाट्झ या रचनाकाराने भट्ट्या न पाडता तेथे उद्यान केले, आणि सर्वांत दूषित माती जुन्या कोठारांत बंद करून ठेवली. दोष झाकला नाही, त्याची जागा दाखवून ठेवली. चांगली कादंबरी तरी दुसरे काय करते?

आता घरचे सांगतो. मोशीच्या शिवेवर कचऱ्याचा डोंगर आहे. शेजारी कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने भंगाराची हजारो गोदामे आणि शेड पाडली. गोदामे गेली, पोट भरणारी माणसे गेली, जमीन राहिली. त्यानंतर वर्गात ‘माझा परिसर’ या विषयावर निबंध लिहायला दिला. एका मुलाने लिहिले, “आमच्या घरामागचे मैदान आता रिकामे झाले आहे, पण आई तिथे खेळू देत नाही, कारण पाय काळे होतात आणि धुतले तरी जात नाहीत.” मी त्या वाक्याखाली शुद्धलेखनाची एकही खूण केली नाही. माझ्या एका कादंबरीत बंद कारखाना आहे. त्याचे वर्णन मी गवत, गंज आणि घुबड या तीन शब्दांत उरकले होते. त्या मुलाला जे दिसले ते मला दिसले नव्हते, आणि समीक्षकांनाही ती उणीव कधी खटकली नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. यापुढे कोणी बंद गिरणीवर, पाडलेल्या शेडवर, कचऱ्याच्या टेकाडावर लिहील, तेव्हा समीक्षकाने त्याला एक साधा प्रश्न विचारावा: तुझ्या कथेत जमीन कोणत्या रंगाची आहे? उत्तर नसेल, तर ती कथा अधांतरी आहे, असे निःसंकोच म्हणावे.

आमच्या गावावरून इंद्रायणी वाहते; वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. बुडवलेली गाथा तिने परत दिली, अशी आपली श्रद्धा आहे. जे पोटात घातले ते पाणी परत देते, हे श्रद्धेइतकेच भूगोलाच्या धड्यातही खरे आहे. आपण या जमिनीच्या पोटात काय घातले, ते निदान लिहून ठेवावे. परत येईल तेव्हा मुलांना ओळखू तरी यावे.