संध्याकाळ ठाऊक नसलेला कागद

उमरग्याला आत्याच्या घरी जुनी ट्रंक आवरत होतो. तळाशी शके १९१५ चं पंचांग निघालं आणि त्यातून एक गुलाबी कागद खाली पडला. वहीच्या पानाएवढा, चार घड्यांचा, घडीवर फाटायला आलेला. सास्तूरच्या पंचक्रोशीतल्या एका गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं पत्रक. वरचा कोपरा कसरीनं खाल्लाय. त्यातच साल गेलं. उरलंय ते ‘चैत्र वद्य’, वार आणि ‘दुपारी ठीक ३ वाजता’.

असा कागद कोणी जपून ठेवायचा नसतो. जत्रेच्या आठ दिवस आधी जीपमधून तो उधळायचा, पोरांनी धुळीतून मागं धावत गोळा करायचा, हॉटेलात एकानं मोठ्यानं वाचायचा, उरलेले खळ लावून भिंतीवर. जत्रा झाली की त्यात भजी बांधायची. पण तीस-बत्तीस वर्षांनी हा कागद मी कवितेसारखा वाचतोय, आणि तो वाचू देतोय.

सगळ्यात वर ग्रामदैवत प्रसन्न. त्याखाली कमानीसारखी वळवलेली ओळ : ‘निकाली कुस्त्यांची जंगी दंगल’. पश्चिम महाराष्ट्रात ‘मैदान’ म्हणतील, आमच्याकडं ‘दंगल’. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्याची खूण अशी एका शब्दात बसलेली असते. पैलवान, वस्ताद, इनाम, खुद्द कुस्ती हे शब्दही फारसीच्या वाटेनं आलेले. ते देवाच्या नावाखाली मांडी घालून बसलेत आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

मग दोन फोटो. छाती काढून, हात कमरेवर ठेवून उभे दोन पैलवान. शाई भरून ठोकळा इतका काळवंडलाय की चेहरे ओळखू येत नाहीत; मिशी कोणाला आहे एवढंच कळतं. मधे ‘विरुद्ध’. पण खरी गंमत पुढं आहे. फोटोतली ही जोड म्हणजे शेवटची कुस्ती. त्याखाली टाइप लहान होत जातो, इनाम उतरत जातं : पाच हजार एक, दोन हजार एक, पाचशे एक, एक्कावन्न. म्हणजे कागद वरून खाली वाचायचा, पण दंगल खालून वर चढणार. तळाच्या जोडीची सलामी दुपारच्या उन्हात होणार आणि मथळ्याच्या जोडीची दिवस मावळताना. छापणाऱ्यानं संध्याकाळ वर ठेवली आणि दुपार खाली.

सगळ्यात तळाला एक ओळ : ‘लहान कुस्त्या दुपारपासून लावल्या जातील.’ या पोरांची नावं नाहीत. त्यांचं इनाम रेवड्या, खोबऱ्याची वाटी, फार तर एखादं नाणं. बिननावाच्या त्या ओळीतून पोरगं पुढच्या सालात बारीक टाइपात यायचं, मग मधल्या ओळीत, आणि नशिबात असलं तर फोटोत. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, दुसऱ्या वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. त्यानंतर इकडच्या प्रत्येक बापाला आपलं पोरगं त्या तळाच्या ओळीत दिसू लागलं असेल तर नवल नाही.

इनामाच्या आकड्यांकडंही जरा थांबून बघावं. एकही रक्कम शून्यावर थांबत नाही. हिशेबात तो वरचा एक रुपया क्षुल्लक, पण त्यानं रक्कम बंद होत नाही, पुढं चालू राहते. आणि प्रत्येक रकमेपुढं देणाऱ्याचं नाव : कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी नुसतंच ‘किराणा दुकानदार’. जोडीतली नावंही नीट ऐकावीत. कोणी ‘अप्पा’त संपतं, कोणी ‘साब’मध्ये, कंसातली गावं आळंद, बसवकल्याण, सोलापूर, औसा. तीन भाषांचा मुलूख एका कागदावर समोरासमोर उभा केलाय, आणि तोही वजन बघून.

तळटीप कोरडी : ऐनवेळी जोडीत बदल करण्याचा अधिकार पंच कमिटीला, निकाल पंचांचा अंतिम. हॉटेलातलं वाचन नेमकं इथं पेटायचं. ‘ह्ये जोड काय बराबर न्हाई बघ, त्यो अंगानं दीडपट हाय,’ असं कोणी म्हणायचं आणि चहा गार व्हायचा. दंगल मातीत सुरू होण्याआधी आठ दिवस ती अशी कागदावर खेळली जायची.

इंग्लंडात फुटबॉलच्या प्रत्येक सामन्याला छापील पुस्तिका निघायची. खेळाडूंची नावं, दुकानांच्या जाहिराती, जुन्या सामन्यांच्या आठवणी. माणसं ती जन्मभर सांभाळतात. २०१८ च्या जूनमध्ये तिथल्या खालच्या तीन विभागांच्या लीगमधल्या क्लबांनी मतदान करून ती छापण्याची सक्ती काढली, तेव्हा अनेकांना वाईट वाटलं. ते वाटणं मला समजतं. फरक एवढाच की ती पुस्तिका मैदानावर विकत मिळते आणि सामन्याची आठवण म्हणून घरी येते. आमचं पत्रक फुकट, आणि ते आधी येतं. त्याला आठवण व्हायचं नसतं, बोलवायचं असतं. म्हणून त्यात सगळं आहे, निकाल तेवढा नाही. कोण कोणाशी, कितीवर, किती वाजता, हे पक्कं. संध्याकाळी काय होणार, ते कागदाला ठाऊक नाही. आता मोबाइलवर पत्रक येतं, पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांत पैलवान शोधावा लागतो, आणि त्याच धाग्यात रात्री निकालही येतो. आधी आणि नंतर यांच्यात अंतरच उरत नाही.

हे न ठाऊक असणं मला या कागदात जास्तच लागतं. गावापुढं ‘ता. उमरगा’ छापलंय. गाव आता लोहारा तालुक्यात आहे आणि तो तालुका १९९९ साली झाला, म्हणजे कागद त्याआधीचा. तो त्याच पंचांगाच्या सालचा असेलच असं नाही; पण असला तर? शके १९१५ मध्ये भाद्रपद अधिक होता, म्हणून गणपती उशिरा आले. विसर्जन करून माणसं निजली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, जमीन हलली. किल्लारी आणि सास्तूर सगळ्यात जास्त भरडली गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीनं जड झालेली माळवदं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ऊन अडवलं, तीच अंगावर आली. भागात सुमारे आठ हजार माणसं गेली. गावं नव्या जागी, रुंद रस्त्यांच्या आखणीत वसली. ज्या भिंतींवर असली पत्रकं खळीनं चिकटायची, त्या भिंतीच राहिल्या नाहीत.

कागदावरची नावं मी एकदा बोट ठेवून वाचली. जोडीतली, इनाम देणाऱ्यांची, पंचांची. कोण राहिलं, कोण गेलं, ते शोधायचं धाडस केलं नाही. इथं ते सगळे अजून तीन वाजायची वाट बघतायत.

आत्याला विचारलं, शेवटची कुस्ती कोणी मारली?

‘मला काय म्हाईत बाबा. बायामाणसं कुठं जात हुती तवा दंगलीला?’ ती म्हणाली. मग कागदाची घडी पुन्हा होती तशी घालत : ‘तुझ्या मामाचा सदरा मातूर गुलालानं लालभडक झाल्ता. दोनदा भिजवला तरी निघंना. म्हंजी आपल्याकडचाच जिंकला असंल.’