यंत्राची विशेषणे आणि सातपुड्याचा आमचूर

दिवाळी अंकात जाहिरातींवर टीकालेख लिहिणे म्हणजे ज्या फांदीवर बसायचे तिच्यावरच कुऱ्हाड चालवणे, असे संपादकांना वाटण्याचा संभव आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून या अंकांचा संसार बराचसा जाहिरातींवरच चालत आला आहे. कथा-कविता आपण वाचतो, आणि त्यांचे बिल साबणवाले, सोनार व मसालेवाले भरतात. तेव्हा या आश्रयदात्यांच्या वाङ्मयाकडे टीकाकाराने एकदा तरी गंभीरपणे पाहावे, असे मला फार दिवस वाटत होते. यंदा निमित्तही मिळाले. हे वाङ्मय आता माणूस लिहीतच नाही. तो ते यंत्राकडून लिहवून घेतो.

आमच्या नंदुरबारास नव्या साधनांचे वावडे नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. त्यामुळे २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ अवतरले, आणि पुढच्या जुलैत गूगलचे ‘बार्ड’ (त्याचेच आता ‘जेमिनी’ झाले आहे) मराठी बोलू लागले, तेव्हा आमच्याकडचा दुकानदार फारसा दचकला नाही. कागदावर मजकूर लिहून छापखान्यात नेण्यापेक्षा फोनला सांगितलेले बरे, एवढाच हिशेब त्याने केला.

वर्षभर मी या मजकुरांचा संग्रह करीत आहे. पुडक्यांवरचे, व्हॉट्सॲपवर फिरणारे, दुकानाच्या पाटीवर चढलेले, जसे मिळाले तसे. सगळे एकत्र वाचताना मला लग्नपत्रिकांची आठवण झाली. वधू बदलते, वर बदलतो, कार्यालय बदलते; ‘आग्रहाचे निमंत्रण’ मात्र कायम. या मजकुरांतही परंपरा, शुद्धता आणि चव ही तीन भावंडे हातात हात घालूनच येतात. माल नेहमी निसर्गाच्या कुशीतून येतो. त्याला आजीच्या हातची चव असते. (या आजीने मिरची कुटली, पापड लाटले, साबणही घोटला, म्हातारीला क्षणाची उसंत नाही.) मी एक सोपी परीक्षा करून पाहिली. मालाचे नाव अंगठ्याने झाकायचे आणि उरलेला मजकूर घरातल्या माणसाला वाचून दाखवायचा. मिरचीचा मजकूर ऐकून माझ्या पत्नीने ‘तूप’ असे उत्तर दिले, आणि गोधडीच्या मजकुराला ‘चहा’.

यात यंत्राचा दोष किती आणि सांगणाऱ्याचा किती, हे पाहिले पाहिजे. हे यंत्र अफाट लेखन वाचून तयार झाले आहे, आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या अंदाजाने ते पुढे सरकते. त्याला ‘मिरचीची छान जाहिरात लिही’ एवढेच सांगितले, तर जगातल्या सगळ्या जाहिरातींची सरासरी ते आपल्या पदरात टाकणार. माहिती नसली म्हणून ते गप्प बसत नाही. विशेषणांनी जागा भरून काढते. गप्प न बसण्याची ही खोड पुष्कळ वक्त्यांनाही असते, पण वक्त्याला निदान घड्याळाचा धाक असतो.

मराठीत माल खपवण्याच्या लेखनाला एक चांगला वारसा आहे, तो येथे आठवतो. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्र म्हणून. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. अमेरिकेत नांगर करणाऱ्या जॉन डिअर यांच्या कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे असेच पत्र काढले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारात आला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आता या शंकेला ‘दर्जेदार, टिकाऊ व विश्वासार्ह’ या तीन शब्दांनी काय उत्तर मिळणार? विकणाऱ्याला आधी शंका ऐकावी लागते. यंत्राच्या कानावर ती कोणी घातलीच नाही, तर ते हवेशीच बोलत राहील.

माझी भाची धडगावकडच्या एका महिला बचत गटाला हिशेबात व विक्रीत मदत करते. गटाचा माल आमचूर. सातपुड्यातल्या गावठी आंब्यांच्या कैऱ्या उन्हाळ्यात उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करायच्या आणि उन्हात वाळवायच्या. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातली पुष्कळ कुटुंबे या दिवसांत याच कामात असतात, आणि मोलगीच्या बाजारात हा माल उतरतो. मध्येच अवकाळी पाऊस आला की पांढऱ्या फोडी काळवंडतात आणि भाव पडतो. व्यापाऱ्याच्या पोत्यात गेलेला आमचूर पुढे कोणत्या नावाने कोणाच्या घरी पोहोचतो, ते या बायांना कधी कळत नाही. म्हणून यंदा थोडा माल स्वतःच्या पिशवीत भरून परस्पर विकायचा असे ठरले.

भाचीने यंत्राकडून पहिला मजकूर करवून घेतला आणि मला पाठवला. मजकूर गुळगुळीत होता. फक्त त्यात सोलकढी होती, कोकणचा किनारा होता आणि लालबुंद सालेही होती. यंत्राने आमचुराचे आमसूल केले होते! वर पचन सुधारते, प्रतिकारशक्ती वाढते, माल शंभर टक्के नैसर्गिक, अशी आश्वासनेही दिली होती. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींत काय म्हणावे आणि काय म्हणू नये याचे नियम २०१८ पासून आहेत. रोग बरा करण्याची भाषा तेथे चालत नाही, आणि ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ हे शब्दही वाटेल तसे उधळता येत नाहीत. मोठ्या कंपनीला वकील असतो. बचत गटाला दंड भरायला पिशव्या विकाव्या लागतील.

“मामा, मग हे यंत्र सोडूनच देऊ का?” तिने विचारले. मी म्हटले, सोडू नकोस. आधी त्याला शिधा दे, मग स्वयंपाक सांग.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. फोन बाजूला ठेवून भाचीने बायांशी बोलून दोन पाने टिपण केले. कैरी झाडावरून उतरवलेली की वाऱ्याने पडलेली, फोडी किती दिवस उन्हात ठेवल्या, रात्री झाकल्या की नाही, पिशवीचे वजन, दर, वाळवणीचा महिना. हे सारे यंत्राला दिले आणि बजावले की यात नाही ते एक अक्षर घालू नकोस; विशेषण नको; प्रकृतीचे दावे नकोत; आणि लिहिण्याआधी पुण्या-मुंबईची गृहिणी कोणते प्रश्न विचारील ते तूच आम्हाला विचार. या शेवटच्या सूचनेचा फार उपयोग झाला, हे कबूल केले पाहिजे. यंत्राने विचारलेल्या प्रश्नांत एक असा होता की पूड का नाही, फोडीच का? बायांचे उत्तर तयार होते: फोड डोळ्यांना दिसते, पुडीत काय मिसळले ते दिसत नाही. माझ्या संग्रहातल्या सगळ्या विशेषणांपेक्षा हे एक वाक्य भारी आहे. प्रश्न यंत्राचा आणि उत्तर बायांचे, अशी ही वाटणी मला पसंत पडली.

दुसरा मजकूर सात ओळींचा झाला आणि त्यात सातपुडा होता. त्यावरून यंत्राने व्यापाऱ्यासाठी वेगळा, घरगुती गिऱ्हाइकासाठी वेगळा आणि इंदूरकडच्या मागणीसाठी हिंदीत तिसरा असे मजकूर भराभर करून दिले. लांबीचे आखूड करणे, एकाच माहितीला वेगवेगळ्या वाचकांसमोर बसवणे, राहून गेलेली गोष्ट दाखवणे (आमच्या टिपणात वाळवणीचा महिना होता, पण माल किती दिवस टिकतो ते नव्हते), या कामांत त्याचा हात कोणी धरणार नाही. मराठी मात्र तपासून घ्यावी लागते. ‘आमचा आमचूर तुमच्या स्वयंपाकघराला उंचावतो’ असे वाक्य आले तेव्हा भाचीने ते खोडून ‘भेंडीला, डाळीला चिमूटभर पुरतो’ असे केले.

चित्रांच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. यंत्राने काढलेल्या चित्रातली आमचूरवाली नऊवारी नेसून, नाकात नथ घालून कौलारू घरासमोर बसली होती. पावरा बाईच्या अंगावरची चांदी, तिचा पेहराव, मागचा डोंगर, काहीच तेथे नव्हते. या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शेकडा एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. ज्या बाईने उन्हात बसून फोडी केल्या तिच्याच पिशवीवर दुसरीचा चेहरा छापायचा, ही चूक कलेची म्हणून सोडून देता येणार नाही. गटाने साध्या फोनवर काढलेले छायाचित्र वापरले. नंदुरबारच्या मिरचीचेही तसेच. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत घातलेली ज्याने पाहिली आहे, तो ते लाल रान विसरत नाही. माझ्या संग्रहातल्या एकाही मजकुराला ते दिसलेले नाही. उलट एकात ब्याडगीचा रंग आणि कोल्हापूरचा रस्सा आहे.

भाषेचा प्रश्न राहिला. केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली ‘आदि वाणी’ नावाचे भाषांतराचे साधन चाचणीसाठी खुले केले, आणि त्यात संथाली, मुंडारी, गोंडी यांच्याबरोबर भिली आहे. ती मध्य प्रदेशातली भिली धरून केलेली आहे. सातपुड्याच्या अलीकडे पावरी, मावची, देहवाली असे बोलीचे किती रंग आहेत, ते येथल्या बाजारात तासभर उभे राहिले तरी कळते. भाचीने दुसऱ्या एका यंत्राकडून मोलगीच्या बाजारासाठी पावरी मजकूर करवून घेतला, तो वाचून दाखवताच बाया पोट धरून हसल्या. शेवटी त्यांच्यातल्याच एकीने चार वाक्ये बोलून फोनवर ध्वनिमुद्रित केली. ती सगळीकडे फिरली.

एका वाक्यावरून मात्र यंत्राशी आमची शेवटपर्यंत तेढ राहिली. पावसात सापडलेल्या फोडी काळपट असतात, त्या वेगळ्या पिशवीत कमी दराने मिळतील, असे वाक्य बायांनी सांगितले होते. यंत्राने ते पहिल्यांदा गाळले. पुन्हा घालायला सांगितले, तर काळपटपणाला ‘अस्सल ग्रामीण रंगछटा’ म्हटले. तिसऱ्यांदा पुन्हा गाळले आणि नकारात्मक उल्लेख टाळावा, असा सल्लाही दिला. चौथ्या वेळी भाचीने ते स्वतःच्या हाताने टंकित केले आणि मजकूर छापायला दिला. भाऊबीजेला ती नंदुरबारला येईल तेव्हा कोणत्या पिशव्या आधी संपल्या ते तिला विचारणार आहे.