मज्जातंतू आणि तारेची उपमा

चेतासंस्था शिकवताना आपण हटकून एक उपमा वापरतो : मेंदू म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज आणि मज्जातंतू म्हणजे त्याच्या तारा. उपमा सोपी आहे. परंतु हातापायांच्या मज्जातंतूंचे विकार समजून घेताना ती अपुरी पडते, आणि कधीकधी दिशाभूलही करते.

आधी तिच्या जमेच्या बाजूकडे पाहू. अनेक मज्जातंतूंवर तारेवरील रबरासारखे मायलिनचे आवरण असते. प्रौढ माणसाच्या हातातील अशा मज्जातंतूंत संदेशाचा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून अधिक असतो. तपासणीत तो फारच कमी भरला, तर डॉक्टरांना आवरण बिघडल्याचा संशय येतो. इथवर उपमा चालते.

आता मधुमेहाचे उदाहरण घ्या. तार तर कुठेही तुटू शकते. मग मधुमेहातील बधिरपणा बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासूनच का सुरू होतो? उपमेकडे याचे उत्तर नाही. मज्जातंतू हा जिवंत पेशीचा लांबलेला धागा आहे. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या धाग्याची मूळ पेशी पाठीच्या कण्याजवळ, म्हणजे सुमारे मीटरभर दूर असते. धाग्याच्या बांधणीची बरीचशी प्रथिने तिथूनच येतात, तीही दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर या गतीने. या पोषणव्यवस्थेवर ताण आला की सर्वांत लांब धाग्याचे टोक आधी सोसते. त्यामुळे बधिरपणा कोठे सुरू झाला व कसा पसरला, हा प्रश्न निदानात फार मोलाचा ठरतो.

उपमेचा खरा तोटा पुढेच आहे. वेग मोजणारी नेहमीची तपासणी जाड, जलद तंतूंचीच दखल घेते. वेदना व उष्णता कळवणारे बरेचसे तंतू बारीक, बिनआवरणाचे असतात. त्यांचा वेग सेकंदाला मीटरभरच. ते तपासणीत दिसत नाहीत. तळपायांची आग होणाऱ्या रुग्णाचा अहवाल त्यामुळे निर्दोष येऊ शकतो. 'तारा शाबूत आहेत' असे मानणारे घरचे लोक मग त्याचे दुखणे मनाचे खेळ ठरवतात. त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तंतू मोजले, तर खरा प्रकार कळू शकतो.

शिक्षकांनी ही उपमा टाकून द्यावी असे नाही. मात्र ती सांगून झाल्यावर वर्गाला एक प्रश्न जरूर विचारावा : तारेला अन्न लागते का?