द्राक्षारस आणि गुणांची मोजपट्टी

फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत वाशीच्या घाऊक फळबाजारात पाऊल ठेवले की द्राक्षांचा गोडसर, किंचित ओलसर वास सामोरा येतो. नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतून आलेल्या पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. त्याच दिवसांत नाशिकच्या बागांतील निवडक द्राक्षे शीत कंटेनरांत भरून न्हावाशेवा बंदरातून युरोपकडे निघतात. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरातूनच उलट दिशेने फ्रान्स, चिली, ऑस्ट्रेलिया या देशांतील द्राक्षांचा रस, आंबून, मुरून आणि बाटलीबंद होऊन आपल्या दारी येतो. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला ही देवघेव आपल्या घराच्या खिडकीखालून चाललेली असते; मात्र तिचा विचार करण्याची वेळ सहसा येत नाही.

आमच्यावर ती वेळ आली एका लहानशा कागदामुळे. दुकानातील काही विदेशी बाटल्यांवर ९०, ९२, ९४ असे आकडे छापलेल्या गोल चकत्या चिकटवलेल्या असतात. हे शंभरपैकी मिळालेले गुण. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत नाताळ, ईस्टर किंवा लग्नकार्य यांच्या निमित्ताने लाल द्राक्षारसाची बाटली घरी येते. वडील पिढी काळ्या मनुकांचा द्राक्षारस घरीच बरणीत मुरवीत असे आणि त्याला गुण देण्याचे काम घरातील मावशी एका शब्दात उरकीत असे. आता धाकटी पिढी आकडा पाहून बाटली निवडते. गुणदान हीही एक प्रकारची समीक्षाच आहे. तेव्हा कवितासंग्रहाची वा कादंबरीची समीक्षा ज्या कसोटीने तपासावी, त्याच कसोटीने हिची तपासणी करावी, असे आम्ही ठरविले.

प्रथम या पद्धतीची बाजू ऐकून घेऊ. द्राक्षारसाची सर्वांत नामांकित प्रतवारी १८५५ सालची. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला भरलेल्या प्रदर्शनासाठी बोर्दो येथील दलालांनी तांबड्या द्राक्षारसांचे पाच वर्ग पाडले. हे वर्ग पाडताना मुख्यतः त्या त्या मळ्याच्या मालाला बाजारात मिळणारा भाव पाहण्यात आला. म्हणजे जो महाग तो श्रेष्ठ! ही उतरंड इतकी घट्ट बसली की मूतों रॉथशिल्ड या मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात जायला १९७३ साल उजाडावे लागले.

या उतरंडीला धक्का बसला तो २४ मे १९७६ रोजी. पॅरिसमध्ये व्यवसाय करणारे इंग्रज विक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी नावे झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाचे द्राक्षारस फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवले. गुण वीसपैकी द्यायचे होते. तांबड्यांत पहिला आला कॅलिफोर्नियाचा १९७३ सालचा स्टॅग्ज लीप, आणि दुसरा आला १९७० सालचा मूतों. घराण्याचे नाव झाकल्यावर नवख्याला न्याय मिळाला. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट पार्कर या वकिलाने जाहिराती न घेणारे एक पत्रक सुरू केले आणि शंभर गुणांची मोजपट्टी रूढ केली. विक्रेत्याच्या स्तुतीपेक्षा गिऱ्हाइकाचे हित पाहावे, हा त्यामागील हेतू होता. सामान्य माणसाला परकी नावे आणि मळ्यांच्या वंशावळी कळत नाहीत, पण ८२ पेक्षा ९२ मोठे हे शाळकरी पोरालाही कळते. हा लाभ लहान नव्हे.

परंतु ज्या मोजपट्टीने माप घ्यायचे, ती स्वतः किती सरळ आहे? कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांनी, जे स्वतः एका लहान मळ्याचे धनीही होते, २००५ पासून काही वर्षे तेथील राज्यस्तरीय स्पर्धेत एक साधा प्रयोग केला. एकाच बाटलीतील द्राक्षारस त्याच परीक्षकाला, न सांगता, तीन वेळा दिला. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहांत सुमारे एक निघाले. फ्रान्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या द्राक्षारसात गंधहीन तांबडा रंग मिसळून तो बोर्दो येथील ५४ विद्यार्थ्यांना दिला गेला. त्यांनी त्याचे वर्णन तांबड्या द्राक्षारसाच्या शब्दांत केले. नाकाने काय हुंगावे, हे डोळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते.

हे वाचून परीक्षकांना हसणे सोपे आहे. आम्ही हसण्याआधी स्वतःची परीक्षा घेतली. वाशीतील एका घरी आम्ही आठजण जमलो. सहा बाटल्या होत्या. दोन महाराष्ट्रातील, एक कर्नाटकातील, आणि बोर्दो, चिली व ऑस्ट्रेलिया येथील प्रत्येकी एक. स्वतः मद्य न घेणाऱ्या एका ज्येष्ठ भगिनीकडे आम्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळण्याचे आणि ओतण्याचे काम सोपविले. त्यांनी आमच्या नकळत एक द्राक्षारस दोनदा ओतला. पेले सात झाले. आम्हांला ते ठाऊक नव्हते.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात आली. तांबडा द्राक्षारस खोलीच्या तपमानाला प्यावा असे म्हणतात, ते युरोपातील खोलीबद्दल. तेथील जुन्या घरांत ते सोळा ते अठरा अंश असते. आपल्या खोलीत तीस अंशांना त्यातील मद्यार्क नाकात झोंबतो आणि फळाचा गंध हरवतो. अर्धा तास शीतकपाटात ठेवल्यावर तोच द्राक्षारस शहाण्यासारखा वागू लागला. मग पांढऱ्या कापडासमोर रंग पाहिला, पेला हलकेच फिरवून वास घेतला, लहान घोट जिभेवर खेळवला आणि थुंकीपात्रात टाकला. धंदेवाईक परीक्षक गिळत नाहीत, थुंकतात. ज्या ‘आस्वाद-संध्ये’त थुंकीपात्र नाही, तेथे आस्वादाच्या नावाखाली दुसरेच काही चाललेले असते, असे खुशाल समजावे.

वीसपैकी गुण मांडून झाल्यावर त्या भगिनींनी सांगितले की दुसरा आणि सहावा पेला एकच होता. आमच्या वहीत दुसऱ्याला १४ होते आणि सहाव्याला १७. आठांपैकी दोघांनीच दोन्हींना जवळपास सारखे गुण दिले होते. ज्यांनी ठामपणे ‘हा निःसंशय फ्रेंच’ म्हणून एका पेल्याला मान दिला, तो पेला महाराष्ट्रातला निघाला. पुढे जेवताना आणखी एक उलथापालथ झाली. सर्वाधिक गुण मिळवलेला, भरपूर तुरट आणि ओकच्या पिंपात मुरलेला द्राक्षारस सोरपोटेलच्या तिखट-आंबट रश्श्याबरोबर कडवट लागू लागला. मिरचीच्या झोंबणीने तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही अधिक बोचतात. पाचव्या क्रमांकाचा साधा, मवाळ पेला मात्र जेवणाशी जुळला. गुण देताना जेवण समोर नव्हते, आणि आपल्याकडे तर द्राक्षारस सणाच्या ताटाशेजारीच येतो.

तरीही सारे आस्वादन म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आकडा डळमळीत असला तरी शब्द खरे असू शकतात. शिराझ या द्राक्षाच्या रसात मिरीचा वास येतो असे जाणकार म्हणत, आणि ऐकणारे गालात हसत. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की त्यात रोटंडोन नावाचे द्रव्य असते आणि तेच काळ्या मिरीतही असते. या द्रव्याचे नाव ज्या वनस्पतीवरून पडले ती आपल्या दिवाळीच्या उटण्यातील नागरमोथा. आमच्या सात पेल्यांपैकी एकाचा वास घेऊन त्या भगिनी, घोटही न घेता, ‘यात मिरी भरडली आहे’ असे म्हणाल्या होत्या. तो शिराझ होता. दुसऱ्या एका पेल्याला त्यांनी ‘करवंदाची जाळी’ म्हटले. आम्ही मात्र वाचलेल्या पुस्तकांतून ‘ब्लॅककरंट’ आणि ‘देवदार’ शोधत बसलो होतो. त्यांतील पहिले फळ आमच्यापैकी सहाजणांनी कधी चाखलेलेही नव्हते.

येथे आमची मुख्य तक्रार आहे. कॅलिफोर्नियातील ॲन नोबल यांनी १९८०च्या दशकात गंधांचे एक चक्र तयार केले. त्यातील प्रत्येक शब्दामागे हुंगता येईल असा प्रत्यक्ष पदार्थ असावा, हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह घ्यावा आणि पदार्थ आपल्या बाजारातून आणावेत. जांभूळ, करवंद, कोकम, चिंच, मिरी, लवंग, पावसाने भिजलेली तांबडी माती. जांभळाच्या सालीचा तुरटपणा ज्याने अनुभवला आहे, त्याला टॅनिन म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. उसन्या शब्दांनी केलेली समीक्षा साहित्यात जशी पोकळ वाजते, तशीच ती येथेही वाजते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आकड्याच्या पाठीमागे मळेकरी दिसत नाही. आपल्याकडील वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घ्यावे लागते. फळ हिवाळ्यात वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडले जाते. अशा मातीत नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी, बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने, नाशिकला राजीव सामंत यांनी आणि अकलूजला फ्रातेल्लीच्या भागीदारांनी गेल्या चार दशकांत द्राक्षारसाचा धंदा उभा केला. २००१ साली महाराष्ट्र शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि अनेक शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी कॅबर्ने आणि शिराझ लावले. २००८ नंतर मंदी आली, मागणी घटली, काही कारखाने बंद पडले. द्राक्षारसाचे द्राक्ष बारीक, बियाळ आणि जाड सालीचे असते. ते वाशीच्या बाजारात खाण्यासाठी विकले जात नाही, त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. कितीतरी शेतकऱ्यांना उभे वेल उपटावे लागले. त्यांच्या रसाला किती गुण मिळाले असते, हा प्रश्नच तेव्हा कोणाला पडला नाही.

म्हणून देशी मालाला सवलतीचे गुण द्यावेत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बिघडलेला रस बिघडलेलाच म्हणावा. फक्त तुलना करताना किंमतही समोर ठेवावी. विदेशी बाटलीवर दीर्घकाळ दीडशे टक्के आयातशुल्क होते. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाच्या ठरावीक किमतीवरील बाटल्यांना त्यात टप्प्याटप्प्याने सूट मिळू लागली. तेव्हा विदेशी बाटलीसाठी आपण मोजलेल्या पैशांपैकी मोठा भाग चवीचा नसून कराचा असतो.

आता जे बोलायला जड जाते तेही बोलले पाहिजे. आपल्या समाजातील किती संसार बाटलीने मोडले, हे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. हिंदी चित्रपटांनी आपल्या माणसाच्या हाती बाटली देऊन त्याचे हसे केले. ते अन्यायाचे होते, पण घराघरांतील दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. तांबडा द्राक्षारस हृदयाला हितकर, हे दुकानदारी समाधान त्याने निकालात निघाले. ९४ गुणांची बाटली आणि देशी दारूची पिशवी यांतील मद्यार्क यकृताला सारखाच. रसिकतेचा मुखवटा चढवून व्यसन प्रतिष्ठित होत असेल, तर ती समीक्षा नव्हे, जाहिरात आहे.

काना येथील लग्नाची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. तेथील भोजनकारभाऱ्याने रांजणातला द्राक्षारस चाखला, तेव्हा तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. नाव झाकूनच त्याने परीक्षा केली. त्याने आकडा सांगितला नाही. वराला हाक मारली आणि उत्तम रस मागाहून का आणलास, असे नवलाने विचारले. वेदीवरील द्राक्षारसासाठीही ख्रिस्तसभेची अट एवढीच आहे की तो द्राक्षांचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. या दोन गोष्टींत समीक्षकाला पुरेसे मार्गदर्शन आहे असे आम्हांला वाटते. नाव झाकून चाखावे, खरे आणि अविकृत आहे का ते पाहावे, आणि जे जाणवले ते समोरच्या माणसाला आपल्या शब्दांत सांगावे.

त्या संध्याकाळी आम्ही वहीतील आकडे खोडले आणि प्रत्येक पेल्यापुढे द्राक्षाची जात, गाव, वर्ष आणि एकेक आपला शब्द लिहिला. बाटल्यांत अर्ध्याहून अधिक रस उरला होता. बुचे लावून त्या आम्ही शीतकपाटात ठेवल्या, आणि ज्या भगिनींनी एकही घोट घेतला नव्हता, त्यांच्याकडून शिराझच्या नावापुढे ‘मिरी’ हा शब्द त्यांच्याच अक्षरात लिहून घेतला.